छापील तसबीर आणि चित्रकाराचा हात



नेवाशास प्रवरेकांठीं 'पैस'चा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेवरील टीका सांगितली अशी परंपरा आहे. त्यांच्या काळांतील त्यांचें एकही चित्र आपणांपाशीं नाहीं. तरीही तसबिरींतील त्यांचा चेहरा आपणां सर्वांस ओळखीचा वाटतो. ही ओळख छापखान्यानें करून दिलेली आहे.

हस्तलिखित पोथी नकलेगणिक थोडी बदलते. म्हणूनच एकनाथांना शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला. छापील प्रत मात्र घरोघरीं तीच राहते. १८९४ साली राजा रविवर्मा यांनीं मुंबईंत छापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड, आणि रंगावर रंग बसून अखेर तैलचित्राचा भास, अशी ती शिळाछापाची रीत. दिवाणखान्यांतील लक्ष्मी आणि सरस्वती अशा रीतीनें चाळींतल्या देवघरांत आल्या.

येथें छपाई चित्राचें सोंग घेत होती. अमेरिकेंतील 'पॉप आर्ट'नें नेमकें उलट केलें. १९६२ साली अँडी वॉरहॉल यानें सूपच्या डब्यांचीं ३२ चित्रें लॉस एंजेलिस येथें मांडलीं; हातानें केलेलीं, पण यंत्रांतून निघाल्यासारखीं. त्याच वर्षीं त्यानें जाळीच्या पडद्यांतून शाई उतरविण्याची धंदेवाईक छपाईच उचलली. रॉय लिख्टनस्टाईन यानें चित्रकथांच्या स्वस्त छपाईंतील ठिपके कॅनव्हासवर मोठे करून रंगविले. छापखाना जें झांकूं पाहतो, तेंच चित्राचा विषय झालें.

आपल्याकडे मुंबईंत जन्मलेल्या भूपेन खक्कर यांनीं १९६५ च्या सुमारास बाजारांतील देवादिकांचीं छापील चित्रें कापून आपल्या कलाकृतींत चिकटविलीं. सुपाच्या डब्याची जागा तसबिरीनें घेतली. परंतु दोहोंत मोठें अंतर आहे. डबा रिता झाला कीं आपण तो फेकतों. तसबीर जीर्ण झाली तरी ती केरांत टाकण्यास हात धजत नाहीं. आपण ती नदींत सोडतों. कागद तोच, शाई तीच. मग हा संकोच कोठून आला? तो छापखान्यांतून खास आलेला नाहीं.

आज घरांतील एखादी छापील तसबीर भिंगाखालीं धरून पहा. चेहरा विरून जाईल आणि केवळ रंगाचे ठिपके उरतील. भिंग दूर केलें कीं तोच चेहरा परत येईल. 'हलकें चित्र' म्हणून तिला हंसण्यापूर्वीं एवढा प्रयोग अवश्य करावा.