ट्रॅक्शनचे बटण बिघडले की वायर?

मनमाडला पुणे-इंदूर मार्गावरच्या गॅरेजांत आता ट्रॅक्शन कंट्रोलच्या गाड्याही येतात. बटण दाबून दिवा बदलत नसेल, तर लगेच नवे बटण बसवू नये, असे आम्ही कारागीर बांधवांना सुचवतो. आधी फ्यूज पाहावा. मग इग्निशन बंद करून बटणाचा कनेक्टर काढावा. पिना गंजल्या असतील तर साफ कराव्यात. मल्टीमीटर ओहमवर लावावा. बहुतेक बटणांत दाबल्यावर सर्किट जुळते, सोडल्यावर तुटते. तसे होत असेल तर बटण चांगले आहे. दोष वायरिंगमध्ये शोधावा. एबीएसचा दिवाही पेटलेला असेल तर चाकाचे सेन्सर तपासावेत. ग्राहकाची गाडी आपल्याकडे अमानत आहे. चांगले बटण बदलून घेतलेला पैसा हलाल कमाई नव्हे.