आधी कंबर, मग बॅट

2025 च्या आयपीएलमध्ये लखनौला जितेश शर्माने 33 चेंडूंत नाबाद 85 धावा कुटल्या आणि नागपुरात सक्करदऱ्यापासून रेशीमबाग मैदानापर्यंतच्या पोट्ट्यांना षटकारांचा ताप चढला. गडी अमरावतीचा, विदर्भाकडून खेळून वर आलेला. तेव्हा ताप चढणारच. सामन्याचा हिशेब एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ आहे. कुतूहल आहे ते फटक्यातल्या जोराचं.

मोबाइलवरचे गुरू त्याचं उत्तर दोन शब्दांत देतात: कंबर फिरव. उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी विकेट जाते.

कमरेचा हा अभ्यास क्रिकेटच्या कितीतरी आधी बेसबॉलवाल्यांनी केला. 1941 च्या मोसमात .406 ची सरासरी राखणारा टेड विल्यम्स पुढे पुस्तक लिहून हेच सांगत राहिला, की आधी कंबर वळते आणि हात तिच्या मागून येतात. 1995 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फटकेबाजांच्या हालचाली मोजून एक शोधनिबंध छापला. पुढचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या सव्वापट जोर येतो. मग कंबर सेकंदाला 714 अंशांच्या वेगापर्यंत जाते आणि तिच्यामागून खांदे 937 अंशांपर्यंत. शेवटी बॅटचा वेग होतो सेकंदाला 31 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 110 किलोमीटर.

या आकड्यांपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा. कंबर वेग घेऊन मंदावते, तेव्हा तो वेग खांद्यांकडे आणि पुढे बॅटकडे जातो. कंबर, खांदे, हात सगळं एकदमच फिरवलं तर माणूस गरकन वळतो खरा, पण चेंडू तीस यार्डांच्या वर्तुळातच झेलला जातो.

हे बेसबॉलचं ज्ञान क्रिकेटमध्ये आणणाऱ्यांत ठळक नाव ज्युलियन वुड यांचं. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेले वुड टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाच्या फलंदाजी प्रशिक्षकाकडून हे शिकले आणि पुढे ‘पॉवर हिटिंग’चे प्रशिक्षक म्हणून नावारूपाला आले. 2022 च्या आयपीएलमध्ये ते पंजाब किंग्जबरोबर होते. जितेशचं आयपीएल पदार्पणही त्याच वर्षी, त्याच संघाकडून झालं. कोपर वर, डोकं चेंडूवर, एवढ्यावरच पिढ्या घडवणाऱ्या आपल्या शिबिरांना वुड यांचा धडा जमिनीपासून सुरू होतो हेच मुळी नवल वाटेल. नवल वाटायला हवंच. कमरेखालच्या शरीराकडे आपण फार वर्षं दुर्लक्ष केलं.

पण बेसबॉल जसाच्या तसा उचलायचा उत्साहही आवरायला हवा. तिथे चेंडू टप्पा पडून येत नाही आणि फलंदाजाला चुकायची मुभा असते. तीन स्ट्राइक झाल्यावर तो बाद. इथे पहिलीच चूक यष्ट्या उडवते. शिवाय गोलंदाज आता हळू चेंडू मुद्दाम टाकतात. कंबर आधीच उघडली की असा चेंडू येईपर्यंत सगळा जोर संपलेला असतो, उरतात फक्त मनगटं, आणि झेल थेट लाँग-ऑनच्या हातात. तिथे दोष ताकदीचा नसतो, वेळेचा असतो. पाय लवकर टेकवायचा, कंबर मात्र राखून ठेवायची. वेगवान चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. एवढ्यात ही राखण जमणं हेच खरं कसब, आणि ते तीस सेकंदांच्या रीलमध्ये दिसत नाही.



रेशीमबागेत याचा सराव करायला यंत्रं लागत नाहीत. मित्राला टेनिस बॉल कधी जोरात, कधी हळू, न सांगता टाकायला लावा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावं आणि एवढंच पाहावं: पुढची टाच टेकण्याआधीच पट्ट्याचा बक्कल गोलंदाजाकडे वळलाय का? वळला असेल, तर तो षटकार गेला तरी मोजू नये.