डोंगरवाटेची सायकल, पण खिशाला परवडणारी

बालमित्रांनो, दुकानाच्या दारात उभी असलेली 'माउंटन बाइक' तुम्ही पाहिली असेलच. जाडजूड खाचांचे टायर, पुढे-मागे स्प्रिंगा, एकवीस गिअर, भडक रंग! आपण तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतो, घंटी वाजवून बघतो आणि मग बाबा किंमत विचारतात. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. बाबांना एकदम आठवतं, की अजून किराणा घ्यायचा राहिलाय!

पण गंमत अशी, की डोंगरात पळणारी ही सायकल जन्माला आली ती भंगारातून. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या तरुणांना मातीच्या वाटांवरून सायकलने सुसाट खाली उतरायचा नाद लागला. शर्यतीच्या नाजूक सायकली तिथं टिकेनात. मग त्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, लोकांनी टाकून दिलेल्या, जाड टायरच्या वजनदार सायकली शोधून काढल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. वाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात सुमारे चारशे मीटर खाली उतरायचं! त्या सायकलींना पायडल उलटं फिरवून लावायचा ब्रेक असे. तो मागच्या चाकाच्या मध्यभागी असायचा आणि उतरताना इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की चाक उघडून नवं ग्रीस भरायचं. असं पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रिपॅक' म्हणतात, म्हणून त्या वाटेचं नावच रिपॅक पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्या टोळीतली नावं. पुढे जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवा सांगाडा बनवला, मग कंपन्या जाग्या झाल्या आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. आपल्या महाराष्ट्रातही संगमनेरच्या प्रणिता सोमणसारख्या मुलींनी या खेळात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवलं आहे.

आता नीट बघा. त्या तरुणांकडे ना स्प्रिंगा होत्या, ना एकवीस गिअर. त्यांना सगळ्यात आधी अडचण आली ती ब्रेकची. तुमच्याकडे पैसे मोजके असतील, तर त्यातला पहिला रुपया ब्रेकवर, दुसरा टायरवर आणि तिसरा डोक्यावरच्या हेल्मेटवर खर्च करा. रंगाचं नंतर बघू.

आमचं सोनगीर धुळ्याच्या उत्तरेला, जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर. गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, आणि गावाला लागूनच किल्ल्याची टेकडी. तुमच्यापैकी कुणी साक्रीकडचं असेल, कुणी नंदुरबारचं. या सगळ्या भागात एक मजेशीर गोष्ट दिसते. माळावर एखादी काळ्या दगडाची लांबच लांब भिंत असावी, तशा अरुंद टेकड्या पसरलेल्या असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, भेगांतच थिजला, आणि आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर हा कठीण दगड उभा राहिला. भूगोलवाले याला 'डाइक' म्हणतात. या भिंतींच्या पायथ्याने जाणाऱ्या गाडवाटा, शेतांमधले शिवरस्ते, नाल्याकाठची मुरमाड वाट – सायकल शिकायला याहून चांगली शाळा कुठली? मात्र किल्ल्यावर सायकल चढवू नका. पडके बुरूज आणि सुटे दगड सायकलसाठी नाहीत आणि आपला वारसा चाकाखाली घालायचा नसतो. पायथ्याशी कुलूप लावा आणि पायी चढा. कुणाच्या उभ्या पिकातून तर मुळीच जायचं नाही, बांधावरूनसुद्धा विचारून जायचं.

सायकल घ्यायची झाली तर आधी आपली उंची बघा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकलच्या मधल्या दांडीवर उभं राहायचं. दांडी आणि आपल्यामध्ये चार बोटांची मोकळी जागा राहिली पाहिजे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना साधारण चोवीस इंची चाक पुरतं, मोठ्यांना सव्वीस इंची. 'पोरगं वाढतंय, दोन वर्षं पुरेल' म्हणून मोठी सायकल घेणाऱ्या आईबाबांना माझी विनंती आहे, की शर्ट सैल चालतो, सायकल सैल चालत नाही. ज्या मुलाचा पाय जमिनीला टेकत नाही, ते उतारावर थांबणार कसं?

स्वस्तातल्या सायकलीला दोन्हीकडे स्प्रिंगा असल्या, तर मी सांगेन, ती घेऊ नका. एक तर ती जड असते. तुम्ही जोर लावून पायडल मारता, तेव्हा काही जोर ती स्प्रिंग दाबण्यातच जातो आणि सायकल घोड्यासारखी वरखाली डुलते. एक-दोन पावसाळ्यांत सांधे खिळखिळे झाले, की गावात त्याचा सुटा भाग मिळत नाही. स्वस्त डिस्कब्रेकचंही तसंच. शाळेत शंभर सायकली एकमेकींवर रेलून उभ्या असतात, त्यात ती पातळ चकती वाकते आणि मग दिवसभर खरखर! त्यापेक्षा रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे साधे रबरी ब्रेक चांगले. रबर झिजलं की थोडक्या पैशांत नवं बसतं आणि ते तुमचं तुम्हाला बसवता येतं.

जुनी सायकल विकत घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त दिवसाउजेडी बघा. हँडलखाली जिथे नळ्या जोडल्या आहेत, तिथे रंगाला बारीक भेग दिसते का? चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, मागे वाकलेत का? चाक उचलून फिरवा, ते डावीउजवीकडे डुलत असेल तर 'आऊट' आहे. ते दुरुस्त होतं. भेग असेल तर मात्र सायकल तिथंच सोडा, कितीही स्वस्त असो. आणि आजोबांची काळी, उंच, अठ्ठावीस इंची सायकल? सांगाडा बळकट, ओझं वाहायला एकदम भारी. पण तिचे सळईचे ब्रेक पावसात भिजल्यावर नीट धरत नाहीत, म्हणून तिला सपाट रस्त्यावरच ठेवावं.

"पण सर, गिअर नसेल तर चढ कसा चढायचा?" हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी येतो. त्याचं उत्तर गणितात आहे. सायकल स्टँडवर लावा. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दात मोजा, मग मागच्या छोट्या चक्राचे, ज्याला आपण फ्रीव्हील म्हणतो. समजा पुढे ४४ आणि मागे १८ दात आहेत. ४४ भागिले १८ म्हणजे साधारण २.४. पायडलचा एक फेरा झाला, की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सव्वीस इंची जाड टायरच्या चाकाचा परीघ सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटर असतो, म्हणजे एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाते. आता मागे १८ ऐवजी २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं तर? चाक दोनच वेळा फिरेल, सायकल चार मीटरच्या थोडीच पुढे जाईल, पण पायाला जोर कमी लागेल. चढ सोपा झाला! सपाटीवर थोडं हळू जावं लागतं, एवढंच. एकवीस गिअरवाला हेच करतो, फक्त तो बोटाने करतो आणि तुम्ही सायकलवाल्याच्या दुकानात एकदाच करून घेता. चेन एखाद-दोन कड्यांनी वाढवावी लागेल, तेही तोच करून देईल. आणि फारच उभा चढ आला तर खाली उतरून सायकल ढकलायची. रिपॅकवालेही वर जाताना कधी कधी ढकलत जायचे, बरं का!

आता खाली उतरायचं. मला खरी काळजी तिथलीच वाटते. चढताना फार तर दम लागतो, पण हाडं मोडतात ती उतरताना. दोन्ही पायडलं एका पातळीत ठेवा, बूड सीटवरून जरा उचलून मागे न्या, कोपर सैल सोडा. ब्रेक दोन्ही एकदम, पण हळूहळू दाबा. सायकल थांबवायचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून तो सोडून चालत नाही. पण वळणावर, मुरमावर तो एकदम आवळला तर चाक निसटतं. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. ओढणी कमरेला घट्ट खोचा, पायजम्याची उजवी बाजू दोरीने बांधा, चपला सुटणाऱ्या नकोत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं असावं आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावं. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही.

एकट्याने जायचं नाही. कुठल्या वाटेने जातोय आणि कधी परत येणार, हे घरी सांगून जायचं. चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पारा ४४ अंशांपर्यंत जातो. तेव्हा सकाळी नवाच्या आत घरी यायचं. आणि हायवेवर खेळायला म्हणून कधीच जायचं नाही. शाळेसाठी तो ओलांडावाच लागत असेल, तर पुलाखालून जा, फेरा पडला तरी चालेल. उलट्या बाजूने तर कधीच नाही. ट्रकवाल्याला वरून तुम्ही दिसत नसता.

पालकांनो, हे सगळं मी नुसत्या हौसेसाठी लिहीत नाही. आपल्याकडच्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढची शाळा चार-पाच किलोमीटर लांब. तेवढ्या अंतरासाठी मुलांना कसंही पाठवतात, मुलींना घरी बसवतात. चालती सायकल दारात असेल तर आठवीचा वर्ग गाठता येतो. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी अनुदान देतात. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झालं. तुमचा तालुका त्यात आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा. पण सायकल मिळाली आणि पंक्चर होऊन गोठ्यात पडली, असं होऊ देऊ नका. पंक्चर काढणं मुलीला शिकवा.

कारण खानदेशात सायकलीचा खरा शत्रू डोंगर नाही, काटा आहे! बाभळीचा काटा आणि जमिनीवर पसरणारे सराटे. पंक्चर झालं की टायरची एक बाजू रिममधून काढा, ट्यूब बाहेर घ्या, थोडी हवा भरून पाण्यात धरा. बुडबुडे आले तिथे खूण करा. ट्यूब कोरडी करून तेवढी जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. इथंच सगळे घाई करतात. सोल्यूशन ओलं असताना ठिगळ चिकटवलं तर ते दोन दिवसांत सुटतं. बोटाला चिकट पण कोरडं लागलं, की ठिगळ दाबून बसवा. आणि ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा, काटा तिथेच बसलेला असतो! फडकं अडकेल, तिथे तो सापडतो. तो काढला नाही तर पाचच मिनिटांत दुसरं पंक्चर. आमच्याकडची हुशार मुलं जुनी ट्यूब उभी कापून तिचा पट्टा टायरच्या आत घालतात. वजन थोडं वाढतं, पण बारीक काटे तिथेच अडतात.

चेनला तेल ओतू नका. आधी फडक्याने धूळ पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब मशीनचं तेल सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. वर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि तीच धूळ कानशीसारखी चेन खाते. गाडीचं काढलेलं काळं तेल तर नकोच. पावसाळ्यात काळी माती ओली असताना शेतवाटेवर जाऊ नका. ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते, की चाक फिरायचंच बंद होतं आणि सायकल खांद्यावर घेऊन यावी लागते. दोन दिवस ऊन पडू द्या.

चाकाच्या तारा महिन्यातून एकदा बोटाने छेडून पाहा. घट्ट तारेचा आवाज खणखणीत येतो, सैल तारेचा बद्द. सोनगीरच्या तांबट आळीत वाढलेल्या मुलांना भांड्याचा आवाज ऐकायची सवय असते, त्यांना हे लगेच कळतं. तारा आवळायचं काम मात्र सायकलवाल्याकडेच द्या, एक तार जास्त आवळली की चाक आऊट होतं. आणि तो काम करत असताना शेजारी बसून बघा, पान्हे हातात द्या. आमच्या इकडचे सायकलवाले काका दुरुस्त केलेली सायकल मुलाच्या हातात देताना अहिराणीत एवढंच बजावतात, "पहिले ब्रेक देख भो, मंग पायडल मार!" त्यांच्याकडे जायचं तर सुट्टीच्या दिवशी दुपारी जा. शाळा सुटल्यावर तिथं पंक्चरवाल्यांची रांग लागलेली असते.