एक कोटी पाच लाख डॉलरचा हॉकीपटू

हॉकी म्हटलं की आपल्याला मेजर ध्यानचंद आठवतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची. तिथे चेंडू नसतो, रबराची काळी चकती असते. तिला पक म्हणतात.

जोनाथन ह्युबर्डो हा तिथला मोठा खेळाडू. 2021-22 च्या हंगामात त्याने फ्लोरिडा पँथर्सकडून 30 गोल केले आणि 85 गोलांसाठी पास दिले. झाले 115 गुण. (तिथे गोल करणाऱ्याला एक गुण, तसा पास देणाऱ्यालाही. मला ही पद्धत फार आवडते!) मग अदलाबदलीत तो कॅलगरी फ्लेम्सकडे गेला. त्यांनी लगेच 8 वर्षांसाठी 8 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. आणि पुढच्याच हंगामात गुण किती? फक्त 55.

तो खेळ विसरला का? नाही. त्याचं खरं बळ पास देण्यात. पण पास कितीही सुंदर असला तरी समोरच्याने गोल करायला हवा ना! इथे जोडीदार नवे, खेळण्याची पद्धतही नवी.

आता खरी अडचण बघा. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. 2023-24 मध्ये ती 8 कोटी 35 लाख डॉलर होती. त्यातला जवळजवळ आठवा हिस्सा एकट्या ह्युबर्डोचा. म्हणजे त्याला ज्या चांगल्या जोडीदाराची गरज, त्याच्यासाठीच पैसे कमी उरतात. 2024-25 मध्ये त्याने 28 गोल केले, गुण 62 झाले. करार 2031 पर्यंत आहे.