अजमास व ताळेबंद : राज्यकारभाराचे उपेक्षित साक्षी

जुन्या दफ्तराचा रुमाल सोडला म्हणजे आपला हात प्रथम पत्रांकडे जातो. शिक्का किंवा प्रसिद्ध पुरुषाचें नांव असलेला कागद वेगळा काढावा व नुसत्या आंकड्यांच्या फर्दा बाजूस साराव्या, अशी आम्हां संग्राहकांची रीत पडून गेली आहे. या रीतीनें राज्यकारभाराच्या इतिहासाची हानि कशी होते, तें येथें दाखवावयाचें आहे.

पेशवाईंत महालाच्या कारभाराचे दोन कागद मुख्य होत. कमाविसदार महालीं निघतांना त्यास जमाखर्चाचा अंदाज हुजुरांतून मिळे, तो अजमास किंवा बेहेडा. वर्षअखेर प्रत्यक्ष वसूल, खर्च व बाकी मांडून हुजुरास समजावीत, तो ताळेबंद. एकांत सरकारचा संकल्प, दुसऱ्यांत घडलेली गोष्ट. दोन्ही शेजारीं ठेवून वाचले म्हणजे मधील अंतर बोलूं लागतें. वसूल कां घटला, याचें उत्तर सूट, तगाई, लष्कराची पायमल्ली अशा कलमांत सांपडतें. शिबंदीचा खर्च वाढला असल्यास बंदोबस्ताची अवस्था कळते. शिवाय फडणीस, मुजुमदार इत्यादि दरखदारांस कमाविसदार आपल्या मर्जीनें काढूं शकत नसे. त्यामुळें हिशेब एकट्या त्याच्या हातचा राहत नसे.

धोरणांतील पालटही याच कागदांत दिसतो. कमाविसदारानें रसदेची रक्कम आगाऊ भरावी व तिजवर व्याज घ्यावें, ही वहिवाट जुनीच. परंतु दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत महाल मक्त्यानें देण्याची चाल बळावली. अधिक रक्कम बोलेल त्याच्या पदरीं महाल पडूं लागला. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत या चालीचा निर्देश केला आहे. पण एखाद्या गांवास तिची झळ किती लागली, हें त्या गांवच्या सालोसालच्या हिशेबांवांचून कोण सांगणार ?

हे कागद वाचतांना कालनिर्णयास जपावें. हिशेबावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असें असल्यास तें साल ११७२ होय; परंतु तें हिजरी नव्हे, सुहूर सन होय. हिजरी समजल्यास इ. स. १७५८-५९ येऊन कागद नानासाहेबांच्या कारकीर्दींत जाऊन पडतो. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे १७७१-७२, अर्थात् थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या दिवसांचें वर्ष, येतें. सूर्य मृग नक्षत्रीं जातांना हें वर्ष बदलतें, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. हिशेबाचें वर्ष असें शेताच्या वर्षाशीं जुळविलेलें होतें.

रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. दफ्तरांत उरलेल्या हिशेबांस निदान सरकारी छप्पर तरी आहे. खासगी घरांतील रुमालांस तेंही नाहीं. एके ठिकाणीं आम्हीं असा रुमाल पाहिला, त्यांतील दोन पत्रें निवडून घरीं आणलीं आणि बाकीचें ‘किरकोळ’ म्हणून तेथेंच ठेविलें. पुढें गेलों तों तें रद्दींत गेलें होतें. त्या पत्रांत ज्या वसुलाची तक्रार आहे, त्याचाच ताळेबंद त्या रद्दींत असावा, असें आम्हांस आतां वाटतें. पण पडताळा पाहण्यास मार्ग उरला नाहीं.

म्हणून विनंति इतकीच कीं, रुमाल सोडतांच कागदांचा मूळ क्रम टिपून ठेवावा, एकत्र बांधलेले कागद वेगळे करूं नयेत, आणि आंकड्यांची फर्द पत्राच्याच मोलाची समजून जतन करावी.