वाचनसंकल्पाचा जमाखर्च

वर्षारंभ : इसवी सनाचा १ जानेवारी, शालिवाहन शकाचा चैत्र शुद्ध प्रतिपदा, अर्थात गुढीपाडवा.

पान आणि पृष्ठ : एका पानाची पृष्ठे दोन, व्यवहारात मात्र दोन्ही शब्द एकाच अर्थी चालतात, आणि संकल्पाचा आकडा तेथेच दुप्पट वा निमपट होऊन बसतो.

रोजचा रतीब : १६ पृष्ठांचा एक फर्मा धरल्यास २४० पृष्ठांच्या कादंबरीचे १५ फर्मे भरतात, रोज १० पृष्ठे वाचणाऱ्यास ती २४ दिवसांत संपते, आणि वर्षाअखेर अशी १५ पुस्तके जमेच्या बाजूस पडतात, अर्थात आजारपण, लग्नसराई व मुलांच्या परीक्षा यांची वजावट न करता.

नित्यपाठ : ज्या वाचकास निवडीची यातायात नको, त्याच्यासाठी ‘दासबोधा’ची रचना मुळातच हप्तेवार आहे : दशक २०, प्रत्येकात समास १०, पाडव्यापासून रोज एक समास वाचला, तर दोनशेवा समास दिवाळीपूर्वीच हाती येतो.

ज्ञानपीठाचे मराठी मानकरी : वि. स. खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३), भालचंद्र नेमाडे (२०१४).

आवृत्ती : मजकुरात फेरफार असल्यास नवी आवृत्ती, जशाचा तसा छापल्यास पुनर्मुद्रण.