कळकाचा उडीपाट : पावसाळ्यात घरच्या घरी कसरतीसाठी

पावसाळा लागला की आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींची पंचाईत होते. माळ चिखलाने भरतो, शाळेच्या मैदानात गुडघाभर गवत वाढते आणि पळायला उरतो तो फक्त डांबरी रस्ता. घरात उड्या माराव्यात तर पूर्वीची सारवलेली जमीन कुठे राहिली आहे? बहुतेक घरांत आता फरशी, सिमेंटचा कोबा. त्याच्यावर रोज दोन-तीनशे उड्या मारल्या की नडगी बोलायला लागते.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात भातावरच्या करप्याची पाहणी करून निघालो होतो. एक शेतकरी बांधावरच थांबवून म्हणाले, "सायेब, पिकाच्या रोगाचं सांगतासा, माझ्या पोरीच्या पायाचं बी जरा बघा की." पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. गेल्या वेळी चाचणीच्या पंधरा दिवस आधी दोन्ही नडग्या दुखायला लागल्या, आणि ८०० मीटरची दुसरी फेरी तिने लंगडतच काढली. वर्ष वाया गेले. वडील म्हणाले, "औंदा बी गेलं तर लगीन करायचं म्हनतोय आमचा थोरला."

मी काही डॉक्टर नाही, कृषी पदविकाधारक माणूस. पहिला सल्ला दिला तो डॉक्टरांना दाखवण्याचाच. डॉक्टरांनी तपासून हाड शाबूत असल्याचे सांगितले, तीन आठवडे पळणे बंद करायला लावले आणि पुढे कडक जमिनीवर उड्या मारू नको म्हणून बजावले. मग मऊ जमीन आणायची कुठून, हा प्रश्न मात्र आमच्याकडे आला.

आपल्या कोल्हापूरकडच्या तालमीत हा प्रश्न जुन्या लोकांनी सोडवलेलाच होता. हौदातली तांबडी माती उगीच नसते. ती चाळून, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून, उकरून उकरून मऊ ठेवतात. पडणाऱ्याचा मार माती खाते. पण माती मार खाते तशी उडीचा जोरही खाते, आणि हौद काही सोप्यात मांडता येत नाही. आम्हाला हवे होते ते थोडे दबणारे, लगेच वर येणारे आणि काम झाले की भिंतीला लावून ठेवता येणारे काहीतरी.

असली साधने जगात नवी नाहीत. अमेरिकेतल्या आयोवा या मक्याच्या प्रांतात जॉर्ज निसेन नावाच्या कसरतपटूने १९३४ साली, विद्यापीठात शिकत असताना, लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या मदतीने लोखंडी चौकटीवर कॅनव्हास ताणून पहिले आधुनिक ट्रॅम्पोलिन बनवले. सर्कशीतले झुल्यावरचे कलाकार खालच्या जाळीत पडून पुन्हा उसळतात, ते पाहून त्याला कल्पना सुचली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तो खेळ स्पर्धेत आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतल्या संशोधकांनी धावणे आणि ट्रॅम्पोलिनवर उडणे यांची तुलना केली. धावताना घोट्याला बसणारा हादरा पाठीच्या आणि कपाळाच्या दुपटीहून जास्त भरला. ट्रॅम्पोलिनवर तो तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच होता. म्हणजे पोरीच्या डॉक्टरांचे म्हणणे उगीच नव्हते.

आमचा पहिला प्रयोग फसला. ट्रकची ट्यूब फुगवून तिच्यावर प्लायवूड बांधले. उसळी झकास, पण पाय जरा कडेला पडला की फळी कलंडायची. घोटा मुरगळून घ्यायला याच्याइतके चांगले साधन नाही. कोणी जीपचे जुने कमानपाटे सुचवले, पण ते उचलायला दोन गडी लागले असते.

मग कळक सुचला. परड्यातल्या बेटाचा पक्का कळक तोडला, बुडख्याकडचा जाड भाग फोडून सव्वा इंच रुंद आणि १० मिलिमीटर जाड कांबी काढल्या आणि ३ फुटांच्या अंतरावर ठेवलेल्या दोन वाशांवर खिळ्यांनी ठोकल्या. पोरगी नुसती उभी राहिली तरी पाट चांगला दीड इंच दबला. तिसऱ्या उडीला कडाड करून दोन कांबी गेल्या. नशीब, पायाला लागले नाही.

गावातल्या म्हाताऱ्या बुरूड मामांना बोलावले. त्यांनी मोडकी कांब हातात घेतली आणि म्हणाले, "सायेब, पाठ वर ठेवलीसा, म्हनून मोडली. पाठ खाली, पोट वर. धनुकलीची पाठ कुटं असती?" नंतर विचार केला तेव्हा पटले. वजन पडले की कांबीची खालची बाजू ताणली जाते. कळकाचे चिवट धागे सालीकडे दाट आणि पोटाकडे विरळ असतात, म्हणून साल ताणाच्या बाजूला हवी. शिवाय पोटाची बाजू खरबरीत, पायही घसरत नाही. खिळ्यांवरूनही मामांनी मला चांगलेच झापले. खिळ्याने कळक उभा चिरतो. आणि कांब लवते तेव्हा तिची टोके किंचित आत सरकतात, ती जखडली तर ती लवणार कशी?

दुसरी चूक लांबीची, ती माझी मलाच कळायला हवी होती. अवजारांच्या तासाला शिकलो होतो की दोन टेकूंमधले अंतर दुप्पट केले तर पट्टी आठ पट लवते आणि जाडी दुप्पट केली तर आठ पट ताठ होते. तीन फुटांचे अंतर दोन फुटांवर आणल्याबरोबर तोच पाट तिपटीहून जास्त ताठ झाला. आता ती उभी राहिली की जेमतेम अर्धा इंच दबतो, उडीला इंच-सव्वा इंच. एवढेच पाहिजे. वजनदार गड्यासाठी कांब अर्ध्या इंचाची घ्यावी. तेवढ्या फरकाने ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो.

शेवटी जो पाट उभा राहिला तो असा. बाभळीचे ४ फूट लांब, ३ इंच उंच, २ इंच जाड असे दोन वासे. मधले अंतर २ फूट. वासे फाकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना तळाशी इंचभर जाडीची आडवी पट्टी नट-बोल्टने. वर ३४ कांबी, प्रत्येक सुमारे अडीच फूट, म्हणजे दोन्हीकडे दोन-तीन इंच बाहेर राहतात. कांबी नायलॉनच्या दोरीने तीन ठिकाणी चटईसारख्या गुंफल्या, मध्ये बोट अडकणार नाही एवढीच फट ठेवली. मधल्या दोरीमुळे एका कांबीवरचा भार शेजारणींवर वाटला जातो. चटई वाशांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सहा ठिकाणी बांधली. वाशांच्या वर आणि खाली ट्यूबचीच पट्टी मारली, त्यामुळे पाट वाजत नाही आणि फरशीवर सरकत नाही. वर गोणपाट. कांबींच्या कडा काचेने घासून गोल करायला विसरू नये, कुसळ पायात गेले की आठवडा जातो.

सगळे मिळून वजन चौदा-पंधरा किलो. चार बोल्ट सोडले की वासे वेगळे, चटईची गुंडाळी करायची आणि मोटारसायकलवर मागे बांधून न्यायची.

कळकाबद्दल शेतकरी बंधूंना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. तीन वर्षांच्या आतला कळक तोडू नये, आणि पावसाळ्यात तर नाहीच. हिवाळ्यात तोडलेल्याला भुंगेरा कमी लागतो. कांबी काढून झाल्यावर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड या द्रावणात आठवडाभर बुडवून सावलीत सुकवाव्यात. पाट लहान असेल तर त्याच प्रमाणात कमी पाणी घ्यावे. हातमोजे घालावेत, आणि उरलेले पाणी विहिरीजवळ ओतू नये. हे औषध पावसात धुऊन जाते, म्हणून पाट घरातच ठेवावा. अमावास्येला तोडलेला कळक टिकतो असे मामा म्हणतात. त्यावर मी वाद घातला नाही. दुसरी गोष्ट ग्रामसेवक-तलाठ्यांसाठी : २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. खासगी जमिनीतल्या बांबूला त्या कायद्याखाली तोडीचा किंवा वाहतुकीचा परवाना लागत नाही. अजूनही काही जण बांधावरचे बेट तोडायला घाबरतात.

वापराचे म्हणाल तर पहिला आठवडा पाय न उचलता नुसते गुडघ्यातून झुलायचे, दोन-तीन मिनिटे. मग टाच उचलायची, मग दोन-तीन इंचांच्या उड्या, त्याही मध्यभागीच. पाट खांबाजवळ मांडावा, म्हणजे तोल गेला तर हात टेकायला होतो. कौलारू घरात डोक्यावरच्या तुळईचा अंदाज आधी घ्यावा (हे मी स्वतःच्या कपाळावरून सांगतो आहे). चक्कर येणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्या वयस्करांनी, गरोदर बायकांनी याच्या नादी लागू नये. नडगीवर एकाच बोटभर जागी दाबले की कळ येत असेल, किंवा विश्रांतीतही ठणकत असेल, तर पाट-बिट बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. हाडाला बारीक चीर असू शकते. आणि पाटावर उड्या मारून ८०० मीटरची वेळ काही सुधारत नाही. त्यासाठी पळावेच लागते. ही फक्त उघाड नसलेल्या दिवसांची सोय आहे.

पोरगी आता आठवड्यातून तीन दिवस माळावर, उघडीप असेल तेव्हा पळते, आणि उरलेले दिवस सोप्यात पाटावर. नडगी सध्या गप्प आहे. भरतीची तारीख अजून लागलेली नाही. मागच्या पंधरवड्यात एक कांब तडकली, तर मामांनी दोरी सैल करून ती काढली आणि नवी घातली. चहा उकळेपर्यंत काम झाले. पैसे घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, माझ्या नातीला बी एक बांधायचाय, तवा वासे तुमी द्या.